बाळाच्या मुठीतला गोल्डफिंच

खारीच्या पाठीवरचे पट्टे म्हणजे रामाची बोटं, हे आपण लहानपणी ऐकतो आणि पुढे खार दिसली की नजर आधी पट्ट्यांवरच जाते. युरोपात असं भाग्य गोल्डफिंच या चिमणीएवढ्या पक्ष्याला लाभलं. लांबी जेमतेम १२-१३ सेंटिमीटर, पंखावर सोनेरी पट्टा आणि चोचीभोवती लालभडक चेहरा. येशूच्या कपाळात रुतलेला काटा या पक्ष्यानं चोचीनं उपसला, तेव्हा उडालेलं रक्त त्याच्या तोंडाला लागलं ते कायमचं, अशी दंतकथा. (पिल्लांचा चेहरा मात्र साधा करडा-तपकिरी असतो, शरद ऋतूत पिसं बदलली की तो लाल होतो. दंतकथेला एवढा तपशील कशाला हवा?)

पण ही कथा नुसत्या रंगावर उभी नाही. गोल्डफिंचचं आवडतं खाणं म्हणजे थिसलच्या बिया. थिसल ही आपल्या माळरानावरच्या उंटकटारीच्या कुळातली काटेरी वनस्पती. तिच्या बोंडात खोलवर दडलेल्या बिया काढायला या पक्ष्याची चोच चिमट्यासारखी निमुळती आणि टोकदार असते. थिसलला लॅटिनमध्ये ‘कार्डुउस’ म्हणतात, म्हणून पक्षी ‘कार्डुएलिस’; इटालियनमध्ये ‘कार्देल्लिनो’. बायबलमध्ये आदमाच्या पापामुळे जमिनीला शाप मिळतो तो काटेकुट्यांचाच, आणि येशूच्या डोक्यावर मुकुट चढतो तोही काट्यांचा. पक्षी खातो बिया, पण बांधावरून पाहणाऱ्याला तो काट्यात तोंड घालतानाच दिसणार. मला वाटतं, प्रतीक जन्मलं ते इथे: अर्धं निरीक्षण, अर्धी श्रद्धा.

इटालियन चित्रकार राफाएलनं १५०५-०६च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये काढलेलं ‘मॅडोना डेल कार्देल्लिनो’ (गोल्डफिंचवाली मेरी) हे चित्र मोठं करून पाहा. मेरी खडकावर बसली आहे, हातात पुस्तक. छोट्या जॉननं (पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा संत) ओंजळीत गोल्डफिंच धरून पुढे केला आहे आणि तिच्या गुडघ्यांमध्ये उभा असलेला बाळ येशू त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आहे. बाळाचा एक पाय आईच्या पावलावर. वरवर पाहिलं तर दोन पोरांचा खेळ. पण त्या काळच्या प्रेक्षकाला तो लाल ठिपका दिसताच पुढचा क्रूस आठवत असणार. हे चित्र एका व्यापाऱ्याच्या लग्नानिमित्त काढलेलं. १५४७मध्ये दरड कोसळून त्याचं घर जमीनदोस्त झालं आणि चित्राच्या लाकडी फळीचे १७ तुकडे झाले. ते खिळे ठोकून जोडले गेले, वर रंगाचे थर चढत गेले. आपल्या काळात जवळजवळ दहा वर्षं खपून तज्ज्ञांनी ते थर उतरवले आणि २००८मध्ये चित्र पुन्हा लोकांपुढे आलं.

अशी चित्रं किती असतील? हे मोजायला कलेचा नव्हे, पक्ष्यांचा अभ्यासक पुढे आला. हर्बर्ट फ्रीडमन हे अमेरिकी शास्त्रज्ञ खरं तर दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांवरच्या कामासाठी प्रसिद्ध. १९४६मध्ये त्यांनी गोल्डफिंच असलेल्या ४८६ धार्मिक चित्रांची नोंद प्रसिद्ध केली. चित्रकार होते २५४, त्यांतले २१४ इटालियन. इटलीतच एवढी गर्दी का? फ्रीडमन यांचं बोट प्लेगकडे जातं. प्राचीन ग्रीक प्राणिकथांत ‘कॅराड्रिअस’ नावाचा एक पांढराशुभ्र पक्षी आहे. त्यानं रोग्याकडे पाहिलं तर रोगी वाचतो. रोग स्वतःत ओढून घेऊन पक्षी सूर्याकडे उडतो. ही भूमिका हळूहळू गोल्डफिंचकडे आली आणि १३४८च्या महामारीनंतर त्याची मागणी वाढली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, तरी एक साधी गोष्ट विसरू नये. हा पक्षी तेव्हा मुलांचं खेळणंच होता. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलं आहे की हे चिमुकले पक्षी हुकूम पाळतात, पाय आणि चोच हातासारखी वापरतात. काही चित्रांत त्याच्या पायाला बांधलेला दोराही दिसतो.

कार्लो क्रिव्हेल्लीचं साधारण १४८०चं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, वहीच्या पानापेक्षा फार मोठं नाही. वर सफरचंदं आणि काकडी लोंबताहेत, खाली कठड्यावर एक माशी बसली आहे. सफरचंद आणि माशी पापाच्या बाजूची, काकडी आणि गोल्डफिंच उद्धाराच्या. येशूनं पक्षी छातीशी गच्च धरला आहे आणि त्याची नजर मात्र त्या माशीवर आहे.