ज्येष्ठांचं ड्रायव्हिंग आणि डॉक्टरची सही

चाळिशी उलटली की लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. आरटीओत त्याला 'नमुना १-अ' म्हणतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांतून तो आला. दूरची नजर, ऐकू येणं, हात-पाय आणि सांधे यांकडे विशेष लक्ष देऊन तपासणी केली, असं डॉक्टर त्यात लिहून देतात. भर दिवसा २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का, रातांधळेपणा आहे का, हेही विचारलेलं असतं. प्रश्न योग्यच आहेत. पण सत्तरीनंतर हात डगमगतो तो अनेकदा चौकात एकाच वेळी चार गोष्टींकडे लक्ष देताना, किंवा नव्यानं सुरू झालेल्या झोपेच्या गोळीमुळे. दाखल्यातल्या त्या वाक्यात स्मरण आणि आकलनाचा उल्लेख नाही.

अमेरिकेत हे ओळखून अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २००३ मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा प्रशासनाबरोबर डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली. पुढं ते काम वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेकडे गेलं. त्यातल्या चाचण्या साध्या खोलीत होतात. दहा फूट भराभर चालत जायचं आणि वळून परत यायचं. नऊ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पुढची चौकशी. घड्याळाचं चित्र काढायचं. आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून क्रमानं जोडायची. मान किती वळते तेही पाहायचं, कारण गाडी मागं घेताना तीच लागते. मला त्याहून मोलाचं वाटतं ते समुपदेशन. 'बाबांना सांगायचं कोणी?' हा प्रश्न कुठल्याही घरात महिनोन्‌महिने लोंबकळतो. डॉक्टरांनी तो वेळेत काढावा, गोळ्या तपासाव्यात, आणि गाडी सुटलीच तर भाजी, बँक, दवाखाना कसा गाठणार हेही त्यांच्याशी बोलावं, अशी अपेक्षा तिथं लिहून ठेवली आहे.

जपाननं कायद्याची वाट धरली. लायसन्स स्वेच्छेनं परत करण्याची सोय १९९८ पासून आहे. २००९ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना नूतनीकरणावेळी आकलनाची चाचणी आली, आणि २०१७ पासून स्मृतिभ्रंशाची शंका निघाली तर डॉक्टरचं निदान सक्तीचं झालं. एप्रिल २०१९ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर लायसन्स परत करणाऱ्यांची रीघ लागली. काही वाहतूक नियम मोडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून गाडी चालवूनही दाखवावी लागते.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्यांचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं होतं. वयाची कमाल मर्यादा नाही, आणि ते बरोबरच आहे. वय म्हणजे आजार नव्हे.

खरं तर ज्येष्ठांचं ड्रायव्हिंग नीट तपासण्याचं काम जाणणारा पेशा आपल्याच घरचा. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. पक्षाघातानंतर शर्टाचं बटण लावण्यापासून पुन्हा उभं करणारी ही माणसं. परदेशात हेच थेरपिस्ट ज्येष्ठांच्या शेजारी बसून रस्त्यावर त्यांचं ड्रायव्हिंग तपासतात, आरसा वाढवून देतात, सीट उंच करतात, रात्री गाडी काढू नका असं सांगतात. नमुना १-अ वर त्यांच्यासाठी रकाना नाही.