टीआयडी टग

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने घाऊक प्रमाणावर बांधलेल्या, वाफेवर चालणाऱ्या छोट्या टगबोटींचा एक प्रकार. १९४३ ते १९४६ या काळात अशा १८२ बोटी पाण्यात उतरल्या. मोठी जहाजे धक्क्याला लावणे आणि बार्ज (सपाट बुडाच्या मालवाहू नावा) ओढणे ही टगची रोजची कामे. युद्धामुळे बंदरांतली गर्दी वाढली, तसे हाताशी असलेले टग अपुरे पडू लागले. नवे बांधायचे तर गोद्या आणि तिथले कसबी कारागीर युद्धनौका नि मालवाहू जहाजांच्या कामात आधीच अडकलेले होते.

तोडगा निघाला तो बांधणीच्या पद्धतीतून. बोटीचे धड आठ तुकड्यांत विभागण्यात आले. एक तुकडा जास्तीत जास्त १० फूट लांब, १७ फूट रुंद, १३ फूट उंच आणि ६ टनांपर्यंत वजनाचा, म्हणजे लॉरीवर घालून रस्त्याने नेता येईल असा. जहाजबांधणीशी कधी संबंध न आलेल्या कारखान्यांनी हे तुकडे करून दिले. यॉर्कशरमधील रिचर्ड डनस्टन कंपनीच्या गोदीत ते वेल्डिंग करून जोडले जात. जहाजाच्या पत्र्याला दोन्ही अंगांनी बाक द्यायला मुरलेला हात लागतो. तो मिळणार नाही हे गृहीत धरूनच बूड आणि बाजू गोलाईने न मिळवता कोनात जोडल्या. त्यामुळे बोट जरा ओबडधोबड दिसते, पण या आराखड्याची खरी हुशारी त्या कोनातच आहे. आठवड्याला एक टग मिळावा अशी मूळ मागणी होती; पुढे साडेचार दिवसांना एक असा वेग गाठला गेला.

पूर्ण बोट ७४ फूट लांब, एकूण ५४ टनेजची (टनेज हे वजनाचे नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचे माप). इंजिन कंपाउंड जातीचे, २२० अश्वशक्तीचे: एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा कामाला लावणारे. सुरुवातीच्या बोटी कोळशावर चालत, नंतरच्या बऱ्याच तेलावर. नावे ठेवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. टीआयडी १, टीआयडी २ असे नुसते क्रमांक.

जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्यावर आरोमांश इथे मलबेरी हे कृत्रिम बंदर उभारण्यात आले. त्याचे काँक्रीटचे अवाढव्य पेटारे इंग्लंडहून ओढत आणायला समुद्रात चालणारे दणकट टग लागले. बंदराच्या आतली आणि किनाऱ्यालगतची हलवाहलव मात्र टीआयडीसारख्या छोट्या, चटकन वळणाऱ्या बोटींच्या आवाक्यातली होती.

युद्ध संपल्यावर यांतल्या कित्येक बोटी बंदरांकडे आणि खाजगी मालकांकडे गेल्या. टीआयडी १५९ ही लंडनच्या बंदर प्राधिकरणाने १९४६ मध्ये घेतली आणि तिला ‘ब्रेंट’ हे नाव मिळाले. ती पुढे एसेक्समधील माल्डन इथे जतन करण्यात आली. तिच्याखेरीज टीआयडी १६४ आणि टीआयडी १७२ यादेखील इंग्लंडमध्ये भंगारात जाण्यापासून वाचल्या.