अर्ध्या तासाची विश्रांती आणि वस्तादाची नजर

हेलसिंकी ऑलिम्पिक, जुलै 1952. कुस्तीच्या बँटमवेट गटात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीईशी पंधरा मिनिटांहून जास्त झुंजले आणि थोडक्यात हरले. घाम वाळायच्या आत पुढच्या लढतीचा पुकारा झाला. समोर सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव्ह. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला खाशाबांच्या बाजूने एकही भारतीय अधिकारी तिथे नव्हता. दमलेल्या अंगाने ते उतरले आणि ही लढतही गेली. इशीईला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

जिममध्ये कुणी ‘रिकव्हरी’बद्दल, म्हणजे मेहनतीनंतर अंग सावरण्याबद्दल, किंवा ‘कोच लावावा का’ असं विचारलं की मला हा अर्धा तास आठवतो. ताकदीच्या कामात विश्रांती एकट्याने सांभाळणं अवघड असतं. ती मागून घेणारा, प्रसंगी लादणारा दुसरा माणूस लागतो.

आपल्या तालमीत हा माणूस होता. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात तालमी फुलल्या, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. त्या वातावरणात पैलवानाचा दिवस मेहनतीइतकाच आरामाने बांधलेला होता. पहाटे जोर-बैठका आणि लढती, मग खुराक, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. लढत संपली की घामेजल्या पाठीवर हौद्यातली लाल माती चोळायची. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू मुरलेलं असायचं. मग मालीश. पोरगा पालथा पडलेला असताना वस्ताद त्याच्या खांद्यावरून, पिंढरीवरून हात फिरवून बघायचा आणि अंग जड लागलं तर त्या दिवशीचे जोर निम्म्यावर आणायचा. वही नव्हती, तक्ता नव्हता, पण पोराचं अंग काल कसं होतं हे त्याला ठाऊक असायचं. खाशाबांचा पहिला वस्ताद घरातच होता, वडील दादासाहेब. पुढे कोल्हापुरात बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी लाभले.

मेहनत आणि आरामाचं हे गणित प्रयोगशाळेच्या भाषेत यायला विसावं शतक उजाडलं. 1936 मध्ये शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी ताणाला शरीर कसा प्रतिसाद देतं हे मांडलं: आधी धक्का, मग जुळवून घेणं आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून कोसळणं. त्यांचे प्रयोग उंदरांवरचे होते, पण वजन उचलणाऱ्यांच्या प्रशिक्षकांनी हा विचार उचलून धरला. सोव्हिएत संघात क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मात्वेयेव्ह यांनी 1960च्या दशकात वर्षाचेच टप्पे पाडून दाखवले. सरावाचा भार कधी वाढवायचा, कधी उतरवायचा, हे त्यात आधीच ठरलेलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते थॉमस डीलॉर्म यांचं काम. अमेरिकी लष्कराचे हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात इस्पितळातल्या जखमी सैनिकांचे गुडघे वजनं लावून बळकट करत होते. सुरुवातीला ते दहा-दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट करून घेत, म्हणजे वजन सलग दहादा उचलायचं, थांबायचं, पुन्हा दहादा उचलायचं. 1948 मध्ये सहकारी वॉटकिन्स यांच्यासोबत लिहिताना त्यांनी ते तीनवर आणले. ज्या वजनाने जेमतेम दहा आवर्तनं होतात त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. आपणच घालून दिलेली मेहनत जास्त होती हे छापून सांगायला धाडस लागतं. आज जिममधल्या पोराला ‘दहाचे तीन मार’ असं सांगतात, त्याचं एक मूळ या इस्पितळात आहे.

आता प्रशिक्षक दुसऱ्या शहरातही असतो. स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेल्या बैठकांचा, व्हिडिओ बघून शेवटच्या आवर्तनात बार कुठे मंदावला हे त्याला दिसतं. दर काही आठवड्यांनी तो ‘डीलोड’ देतो, म्हणजे ठरवून वजन उतरवतो. पिंढरीवर हात ठेवून अंग जोखणं मात्र त्याला जमत नाही. म्हणून तो रोज विचारतो, झोप किती झाली, भूक लागते का, कालचा ठणका उतरला का. ही उत्तरं खरी द्यावी लागतात.