मनी प्लांट लावताना पेर बघा

मनी प्लांटला फूल आलेलं तुम्ही बहुधा पाहिलं नसेल. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक ही वेल पुरेसं बनवू शकत नाही, आणि त्यामागे एका जनुकातला बिघाड आहे, हे २०१६ साली संशोधकांनी दाखवलं. ती आपोआप फुलल्याची शेवटची नोंद १९६४ची. फूल नाही, म्हणून बीही नाही. मूळची पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरची ही वेल जगभर पसरली ती फांदीवरूनच. म्हणून ती फांदी नीट कापायला शिकावं.

उसासारखीच हिलाही पेरं असतात. पानाचा देठ खोडाला मिळतो तो सांधा म्हणजे पेर. तिथे बोट फिरवा, तपकिरी टेंगूळ लागेल. तो हवाई मुळाचा कोंब. तिथेच, देठाच्या बगलेत, नव्या फुटीचा डोळा असतो. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतीलही, महिनोन्‌महिने ते हिरवंगार राहील, पण डोळाच नसल्यामुळे त्यातून वेल निघत नाही. पेराच्या सेंटिमीटरभर खाली धारदार कात्रीने कापा. फांदीला दोन-तीन पेरं हवीत. खालचं पान काढून ते पेर पाण्यात बुडवा, वरची पानं कोरडी राहू द्या. पाणी आठवड्याला बदला. पारदर्शक बाटलीत उजेडामुळे शेवाळ धरतं, रंगीत बाटली बरी. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात.

मुळं दोन इंच झाली की कुंडीत हलवा. फार लांबवू नका, पाण्यात वाढलेली मुळं मातीत उशिरा रुळतात. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत. पहिला आठवडा माती ओलसर ठेवा. नंतर वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी घाला.

झाड मरतं ते बहुतेकदा जास्त पाण्याने. माती ओली असूनही खालची पानं पिवळी पडत असतील तर मुळांना हवा मिळत नाहीये, ती कुजायला लागली आहेत. अशा वेळी आणखी पाणी देऊ नका. झाड उपसा, तपकिरी, बुळबुळीत मुळं कापा आणि कोरड्या मातीत लावा. पानांवरचे पिवळे पट्टे फिकट होऊन ती नुसती हिरवी यायला लागली तर उजेड कमी पडतोय. कुंडी खिडकीजवळ सरकवा, पण थेट दुपारचं ऊन नको.

लोंबती वेल लहान पानं देते, चढती मोठी. मॉस स्टिकला, म्हणजे शेवाळ गुंडाळलेल्या काठीला, बांधून बघा.

पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यास तोंडाची आग होते. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.