क्युपिडच्या डोळ्यांवरची पट्टी

‘प्रेम आंधळं असतं, म्हणून रोमन प्रेमदेव क्युपिडच्या डोळ्यांवर पहिल्यापासून पट्टी’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. ग्रीक-रोमन शिल्पांतला हा पोरगा डोळस आहे. कुठे गाढ झोपलेला सापडतो, पण पट्टी नाही. ती आली मध्ययुगात, साधारण १३व्या शतकात, आणि कौतुकाने मुळीच नाही. त्या काळच्या चित्रांत डोळे बांधलेले असत मृत्यूचे, लहरी नशिबाचे. त्याच पंगतीत वासनेचं प्रतीक म्हणून क्युपिडलाही बसवलं.

चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’ या चित्रात (सुमारे १४८०, फ्लॉरेन्स) प्रेमदेवी व्हीनसच्या डोक्यावर तरंगणारा क्युपिड बघा: डोळे बांधलेले, बाणाच्या टोकाला ज्योत, आणि नेम मात्र नाचणाऱ्या तिघींपैकी बरोबर मधलीवर. आंधळा म्हणे!