बशी उलटी करून पाहणाऱ्यांची पुस्तकं

गोव्यातल्या जुन्या घरांत जेवणाच्या दालनातलं काचेचं कपाट काय काय दाखवतं, हे चांदरचा ब्रागांझा वाडा पाहिलेल्यांना सांगायला नको. चीनमधून जहाजांनी आलेलं पोर्सेलीन हा तिथला मान. त्यानंतर पोर्तुगालच्या व्हिश्ता आलेग्रेसारख्या कारखान्यांची, म्हणजे १८२४ पासून चालत आलेली, सोनेरी काठाची भांडी. या मानकऱ्यांच्या रांगेत एकाच भडक रंगाची, नक्षी नसलेली जाड बशी दिसली तर आपण ती बाजूला सारतो. तारवटी माणसाच्या पेटीतून किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या सामानातून अशी एखादी बशी क्वचित आपल्याकडे पोचते आणि पुढे भंगारवाल्याकडून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाते. तिच्या जन्मगावी, म्हणजे अमेरिकेत, मात्र 'फिएस्टा' नावाच्या नेमक्या अशाच बशांवर जाडजूड पुस्तकं निघाली. रंग कोणता, साल कोणतं, किंमत किती, हे पानोपानी सांगणारी. ती का लागली, त्याची ही पार्श्वभूमी.

सुरुवात १९३० च्या मंदीत होते. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या बॉवर पॉटरीने एकरंगी, झगझगीत जेवणाची भांडी बाजारात आणली होती आणि ती चालली. पूर्वेकडे, ओहायो नदीच्या काठी वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूवेल गावी होमर लाफलिन चायना कंपनीचा मोठा कारखाना होता. तिथला कलासंचालक फ्रेडरिक हर्टन रीड हा मूळचा इंग्लंडचा, कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हॅनलीचा. त्याने आकार काढले: गोल, कुठे कोपरा नाही, आणि काठाशी एकात एक वर्तुळं. झिलईचं रसायन अल्बर्ट ब्लायनिंगर यांनी बसवलं. जानेवारी १९३६ मध्ये पिट्सबर्गच्या प्रदर्शनात ही भांडी 'फिएस्टा' या नावाने लोकांसमोर आली. रंग पाच: लाल, गडद निळा, हिरवा, पिवळा आणि हस्तिदंती. थोड्याच काळाने टर्कॉइज, म्हणजे निळसर हिरवा, आला.

यातली खरी चतुराई विक्रीत होती. तोवर जेवणाचा संच म्हणजे सगळं एकसारखं. इथे एक बशी लाल घ्या, दुसरी पिवळी घ्या, पुढच्या महिन्यात पैसे जमले की निळा पेला घ्या. फुलांची छाप नाही, सोन्याचा काठ नाही, म्हणून खर्च कमी. मंदीत हात आखडलेल्या गृहिणीला टेबल सजवण्याची मुभा मिळाली, आणि फुटलेल्या बशीच्या जागी कोणत्याही रंगाची दुसरी चालू लागली. हेच मोकळेपण पुढे संग्राहकाच्या डोक्याला ताप झालं. संचच नाही, तर पूर्ण काय आणि अपूर्ण काय, हे ठरवणार कसं?

लाल रंगाची कथा वेगळी सांगायलाच हवी. तो लाल युरेनियमच्या ऑक्साइडमधून यायचा, म्हणून लाल भांडं इतरांपेक्षा महाग विकलं जाई. १९४३ मध्ये अमेरिकी सरकारने अणुबॉम्बच्या कामासाठी युरेनियमवर ताबा घेतला आणि लाल बंद झाला. तो परतला १९५९ मध्ये, तेव्हा वापरलं ते बॉम्बला निरुपयोगी ठरलेलं, क्षीण युरेनियम. १९७२ पर्यंत तो चालला. आजही जुनी लाल फिएस्टा बशी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रापुढे धरली तर यंत्र टकटक करतं. कपाटात ठेवायला हरकत नाही, पण अशा भांड्यात आंबट पदार्थ घालू नयेत असं तज्ज्ञ सांगतात. कारण आम्ल झिलईतले धातू सोडवतं. आपल्या घरांत म्हणजे सोलकढी आणि विंदालू दोन्ही बाद.

युद्धानंतर रंगांची आवड बदलली. १९५१ च्या सुमारास जुने तीन रंग गेले आणि त्यांच्या जागी गर्द वनहिरवा, गुलाबी, पोपटी आणि राखाडी आले. १९५९ मध्ये लालबरोबर आणखी एक हिरवा आला. तो दहा वर्षं राहिला, पण तोवर विक्री ओसरली होती, म्हणून त्यातली भांडी कमी बनली. कंपनीच्या कागदांवर त्याचं नाव नुसतं 'हिरवा'. संग्राहकांनी त्याला 'मीडियम ग्रीन' म्हटलं, पुस्तकांनी ते छापलं आणि आज बाजारात चालतं ते हेच नाव. १९७३ च्या सुरुवातीला फिएस्टाचं उत्पादनच थांबलं.

पुस्तकांची वेळ इथे आली. कारखाना चालू असताना कोणी यादी करत नाही. तो थांबला की घरोघरच्या बशा एकदम 'जुन्या' होतात. १९७० च्या दशकात केंटकीतल्या पादूका गावच्या कलेक्टर बुक्स या प्रकाशनाने शॅरन आणि बॉब हक्सफर्ड या दांपत्याचं फिएस्टावरचं पुस्तक काढलं आणि पुढे तीन दशकं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या येत राहिल्या. अटलांटिकच्या पलीकडेही हीच हवा होती. इंग्लंडमध्ये क्लॅरिस क्लिफ या भांडी रंगवणाऱ्या कलावतीच्या १९२०-३० च्या दशकांतल्या रंगीबेरंगी भांड्यांचं प्रदर्शन १९७२ मध्ये ब्रायटनला भरलं आणि त्यानंतर तिच्यावर पुस्तकं आली. आजीच्या कपाटातला रोजचा माल चाळीस वर्षांनी नातवंडांना मोलाचा वाटला, एवढाच याचा अर्थ.

पण आवड असली तरी ओळखायचं कसं? बशीच्या पाठीवर नाव असतं, हे अर्धवट खरं. बऱ्याच भांड्यांवर साच्यातून उठलेली किंवा शाईने मारलेली खूण आहे, लहान पेल्यांवर आणि मिठाच्या बाटल्यांवर मात्र काहीच नाही. त्यात त्याच कारखान्याने वूलवर्थच्या दुकानांसाठी हार्लेक्विन नावाचा स्वस्त संच काढला होता, त्याच धाटणीच्या रंगांत आणि बिनखुणेचा. मग माहीतगार बशी उलटी करतात. जुन्या भांड्याच्या पाठीवरही झिलई असते आणि भट्टीत ते टेकलेल्या तीन टोकांचे बारीक डाग दिसतात. मिसळण्याच्या वाडग्याच्या तळाशी आतून वर्तुळं असतील तर तो अगदी पहिल्या वर्षांतला. हे कंपनीने लिहून ठेवलेलं नव्हतं. संग्राहकांनी शेकडो भांडी हाताळून ते जुळवलं आणि नंतर जुनी किंमतपत्रकं व रीडच्या नोंदवह्या धुंडाळून सालं दुरुस्त केली. टर्कॉइज १९३८ चा मानला जाई, नंतरच्या अभ्यासकांनी तो १९३७ वर आणला. या पुस्तकांचं खरं काम हेच, असं माझं मत.

विकली गेली ती मात्र भावांच्या कोष्टकांसाठी. कांद्याच्या सुपाचं झाकणाचं वाडगं टर्कॉइज रंगात अतिशय दुर्मीळ, कारण तो रंग येता येता तो आकारच बंद झाला होता. पुस्तकात त्याचा आकडा मोठा छापला गेला, लोकांनी तो शोधायला सुरुवात केली आणि मागणीने आकडा आणखी चढला. व्यापारी काखेत पुस्तक घेऊनच बाजारात भाव सांगायचा. अशा पुस्तकात 'हा भाव फक्त अंदाज आहे' अशी सूचना असे, ती कोण वाचतो? भाव नोंदवणाऱ्या वहीनेच भाव बांधला. अँडी वॉरहोलसारखा कलावंतही फिएस्टा जमवत होता, त्याने या वस्तूंची प्रतिष्ठा वाढली, यात शंका नाही.

मग कंपनीनेच डाव टाकला. १९८६ मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने फिएस्टा पुन्हा सुरू झालं, नव्या कणखर मातीत, शिशाशिवायच्या झिलईत. काही जुन्या साच्यांतून काढलेली नवी भांडी जुन्यांपेक्षा किंचित लहान निघतात, कारण ही माती भट्टीत जास्त आकसते. पाठीचं बूड झिलई न लावता कोरडं ठेवलेलं असतं. जुना गडद निळा आणि नवा गडद निळा बाजारात एकमेकांत मिसळले, तेव्हा 'नव्या फिएस्टा'ची वेगळी मार्गदर्शक पुस्तकं लागली. १९९३ ते ९५ मधला फिका जांभळा, पुढे नीलमणी रंग, दोन्ही मोजक्या मुदतीचे. दुर्मिळता आता कारखान्यातच घडू लागली आणि ग्राहकांनी पहिल्या दिवसापासून डबे न उघडता ठेवले. हे मला संग्रहापेक्षा सट्ट्याच्या जवळचं वाटतं.

१९९५ मध्ये ईबे हे लिलावाचं संकेतस्थळ आलं आणि छापील कोष्टकाचा कणा मोडला. पुस्तक छापून येईतो त्यातले भाव शिळे. घरबसल्या हजारो बशा एकत्र दिसल्यावर दुर्मीळ म्हणवणाऱ्या काही तितक्या दुर्मीळ नव्हत्या, हेही उघडं पडलं. २०२० मध्ये होमर लाफलिनने हॉटेलांना पुरवायच्या भांड्यांचा विभाग विकला आणि उरलेली कंपनी फिएस्टा टेबलवेअर कंपनी झाली. त्या कोष्टकांतले जुने आकडे आता इतिहास म्हणून वाचायचे. रंगांची सालं, खुणांची छायाचित्रं आणि पाठीच्या डागांची चित्रं मात्र अजून उपयोगाची आहेत. म्हापशाच्या बाजारात हाती आलेली बशी जुनी की १९८६ नंतरची, हे तिची पाठ पाहून ठरवता येतं ते त्यांच्याच आधारे.