निरभ्र आकाशातील सौर प्रारणाची प्रतिमाने आणि वायुकलिल

आकाशात ढग नसताना जमिनीवर किती सौर प्रारण पोचेल, हे गणिताने काढणाऱ्या पद्धतींना निरभ्र-आकाश प्रतिमाने म्हणतात. वातावरणाच्या माथ्यावर किरणांना लंब असलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सरासरी सुमारे १३६१ वॅट प्रारण येते. खाली येताना हवेचे रेणू, ओझोन, बाष्प आणि वायुकलिल, म्हणजे धूळ, धूर, समुद्री मीठ, सल्फेट यांचे तरंगते सूक्ष्म कण, ते घटवतात. रेणूंचा आणि ओझोनचा हिशेब बऱ्यापैकी नेमका बसतो. वायुकलिलांचे प्रमाण मात्र काही तासांत पालटते. निरभ्र आकाश स्वच्छ असतेच असे नाही, आणि प्रतिमाने चुकतात ती बहुधा इथेच.

कणांमुळे किरण किती क्षीण होतात हे प्रकाशीय जाडीने मोजतात. ती ०.१ असेल तर डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे ९० टक्के थेट प्रकाश कणांच्या थरातून पार होतो, ०.५ असेल तर सुमारे ६१ टक्के. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असला की किरणांची वाट दुप्पट होते आणि हेच आकडे ८२ व ३७ वर येतात. जाडी तरंगलांबीनुसार बदलते. तिचे सूत्र स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२९ मध्ये मांडले. त्यातला घातांक, म्हणजे तरंगलांबीनुसार जाडी किती झपाट्याने बदलते ते सांगणारा आकडा, धुराच्या बारीक कणांसाठी मोठा, तर वाळवंटी धुळीसाठी शून्याजवळ असतो.

थेट किरणांतून निखळलेला सगळा प्रकाश वाया जात नाही. त्याचा बराच भाग विखुरून आकाशभर पसरतो आणि विसरित प्रारण म्हणून जमिनीवर येतो. त्यामुळे एकूण प्रारणातली घट थेट प्रारणातल्या घटीपेक्षा पुष्कळ कमी असते. फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकानंतर हे जगभर दिसले: थेट प्रारण घटले, विसरित वाढले. काजळी मात्र प्रकाश शोषते, म्हणून तिच्यामुळे एकूण प्रारणही चांगलेच घसरते. आरशांनी किरण एकवटणाऱ्या सौर प्रकल्पांना थेट प्रारणच लागते. जाडीतली चूक त्यांना सर्वाधिक भोवते.

जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ लिंके यांनी १९२२ मध्ये बाष्प आणि कण या दोहोंचा परिणाम एकाच गढूळता-गुणांकात बसवला. तो सोयीचा असल्याने आजही वापरात आहे, पण धूळ आणि दमटपणा त्यात वेगळे काढता येत नाहीत. २०१३ चे मॅकक्लिअर प्रतिमान युरोपीय संघाच्या कोपर्निकस वातावरण सेवेतून कणांची माहिती घेते. पडताळ्यासाठी एरोनेट या जगभर पसरलेल्या जमिनीवरील केंद्रांच्या जाळ्यातील सूर्यप्रकाशमापकांची मोजमापे सर्वांत भरवशाची.

मासिक सरासरीवर विसंबणे धोक्याचे आहे. समजा, नऊ दिवस जाडी ०.२ होती आणि एका धुळीच्या दिवशी १.२. सरासरी ०.३ येते, आणि तिच्यावरून काढलेले थेट प्रारण दहापैकी एकाही दिवसाशी जुळत नाही: नऊ दिवस कमी, एक दिवस दुपटीहून जास्त. दहा दिवसांची बेरीजही कमीच भरते, कारण जाडी आणि प्रारण यांचे नाते सरळ रेषेचे नाही. रोजची जाडी मिळत नसेल, तर नेहमीच्या दिवसाच्या अंदाजासाठी सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला, घेणे बरे.